साडेतीन अश्वशक्ती

हाल्वरचं मशीन अजूनही माझ्याकडेच येतं,
एप्रिल सरता सरता,
धान्याच्या कोठारामागचं शेवटचं बर्फ काळं पडून वितळलं की.
एक सिलिंडर. साडेतीन अश्वशक्ती.
रंग कधीकाळी लाल होता
असं धरून चालायचं.

गावातले विचारतात, आर्डिस, हे टिकतं तरी कसं?
मी म्हणते, त्यात मोडायला आहेच काय?
तेलाचा पंपसुद्धा नाही.
कनेक्टिंग रॉडच्या बुडाला एक चमचा आहे, नखाएवढा,
तो दर फेऱ्याला तेलात बुडतो
आणि वर सगळ्यांना शिंपडतो,
मिनिटाला तीन हजार वेळा,
कुणी आभार मानो न मानो.
बाकी मागणं फार नाही.
तेल काळं व्हायच्या आत बदला,
थंडीआधी टाकी रिकामी करा.
ही इंजिनं म्हातारपणानं मरत नाहीत,
विसरण्यानं मरतात,
आणि विसरणारी ती नसतात.

माझ्या दुकानामागे ढीग पडलाय त्यांचा.
चकचकीत, दोन उन्हाळ्यांची,
शिळ्या पेट्रोलचा डिंक घशात अडकून गेलेली.
नॉर्थ डकोटाचा हिवाळा कुणाची गय करत नाही.

हाल्वर विसरत नसे.
एकतीस वर्षं चर्चमागच्या दफनभूमीचं गवत
त्यानं याच मशीननं कापलं.
तिथल्या शेडच्या दारामागे पेन्सिलीनं तारखा:
तेल. प्लग. तेल, पातं. तेल.
एका वसंतात नुसतंच 'पूर',
आणि त्याखाली, जूनमध्ये, तेल.
बोर्गहिल्ड गेली त्या वर्षीही तारीख चुकलेली नाही.
अक्षर तेवढं जरा मोठं आलंय.

मग एका ऑगस्टात तो आला.
पिकअपमधून मशीन उतरवता उतरवता म्हणाला,
दोरी ओढली की हाताला हिसका देतंय.
मी फ्लायव्हील काढलं.
आतली चावी तुटली होती.
ही चावी मुद्दामच मऊ धातूची करतात.
पातं दगडावर आदळलं
तर आधी हिनं तुटायचं,
म्हणजे मुख्य दांडा वाचतो.
किंमत, कपभर कॉफीहून कमी.

कशावर आदळलं? मी विचारलं.
तो माझ्या भिंतीवरच्या पट्ट्यांकडे बघत होता,
लहान, मोठ्या, खिळ्याखिळ्यांवर टांगलेल्या.
म्हणाला, सिग्नेवर.

ईशान्येच्या कोपऱ्यातला तो दगड,
बुटाएवढा, अर्धा मातीत रुतलेला.
सहा दिवसांची होती ती.
एकतीस उन्हाळे, तिथे पोचलं की
तो मशीन बंद करायचा,
गुडघे टेकायचा,
आणि तेवढं गवत कात्रीनं कापायचा.

त्याची नजर गेलीय
हे डॉक्टरच्या आधी मला कळलं.
मी काही बोलले नाही.
नवी चावी बसवली.
प्लगची फट तपासली, ती बरोबरच होती.
पैसे नकोत म्हटलं तर रागावला,
म्हणून पावती फाडली:
चावी, एक.

आता तो तिच्या शेजारी आहे.
मशीन मार्नी चालवते, सोळा वर्षांची,
कानात गाणी, आणि ओळी अशा वाकड्या
की वरून कुणी बघत असेल तर त्याला घेरी यावी.
ते उरलेलं साडेतीन अश्वशक्तीचं आयुष्य
त्याच्यावरून, बोर्गहिल्डवरून,
माझ्या बापावरूनही फिरतं दर शनिवारी,
निळसर धूर सोडत.
मी तिला तेल शिकवलं, टाकी शिकवली,
कोपऱ्यातला दगड लांबून दाखवला.
कात्रीचं काही बोलले नव्हते.
ती तिनं स्वतःच शोधली,
दाराच्या वरच्या खिळ्यावर होती.

काल शेडमध्ये गेले होते, पान्हा परत आणायला.
त्याच्या शेवटच्या तारखेखाली
जांभळ्या मार्करनं लिहिलंय:
तेल.
आणि बाजूला, बारीक अक्षरात:
थोडं सांडलं.